'चालू झालं का?' : एका प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला अगदी चिल्लर वाटेल. महाजालावर गप्पा मारायला जमलेला एक गट आहे. गटातल्या कुणीतरी थेट प्रक्षेपण सुरू केलं, म्हणजे कुणी गेम खेळतंय, कुणी बुद्धिबळ, कुणी सतार वाजवतंय, कुणी चक्क प्रोग्राम लिहून दाखवतंय, की बाकीच्यांना ते आपोआप कळायला हवं. "अमका आत्ता लाइव्ह आहे, चला!" बस्स, एवढी एकच ओळ. ती टाकणारा बॉट लिहायला आज एक शनिवार पुरतो, वर दुपारची वामकुक्षीही होते.

पण ही एक ओळ इथवर पोचायला पन्नासेक वर्षं लागली आहेत. त्या पन्नास वर्षांत एक गोष्ट हळूहळू सरकत गेली, ती म्हणजे वाट बघण्याची जबाबदारी. आधी ती माणसाकडे होती. मग माणसाच्या यंत्राकडे आली. मग विचारणाऱ्याच्या यंत्राकडून सांगणाऱ्याच्या यंत्राकडे गेली. आणि जबाबदारी जिथे जाते तिथे तिच्या मागोमाग अधिकारही जातो, हे आपण घरात आणि हापिसात रोज बघतोच. इथेही तेच झालं. आजची गोष्ट त्याची आहे.

खिडकी आणि भोंगा

एस.टी. स्टँड डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला नगरला जायचंय. एक रीत अशी की दर पाच मिनिटांनी चौकशीच्या खिडकीशी जायचं आणि विचारायचं, "नगर गाडी लागली का हो?" बहुतेक वेळा उत्तर "नाही". तुम्ही दमता, खिडकीतला माणूस वैतागतो. दुसरी रीत म्हणजे बाकावर निवांत बसायचं आणि भोंग्यावर घोषणा झाली की उठायचं. आमच्या धंद्यात पहिल्या रीतीला पोलिंग म्हणतात, दुसरीला पुश. पुढचा सगळा इतिहास या खिडकी आणि भोंग्याच्या रस्सीखेचीचा आहे.

संगणकांच्या जगात खिडकी आधी आली. १९७१च्या सुमारास स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांच्या लक्षात आलं, की लोक पडद्यावरच्या हजेरीच्या यादीवरून बोट फिरवत फिरवत आपल्याला हवा तो माणूस आत्ता कामावर आहे का ते शोधतात. त्यांनी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'फिंगर'. नाव टाका, तो माणूस यंत्रावर आहे का ते कळेल. पुढे त्यात 'प्लॅन' नावाची फाइलही आली. आपण जागेवर नसलो तर का नाही, कुठे गेलोय, हे तिथे लिहून ठेवायचं. आजच्या स्टेटसची ही पणजीच म्हणा ना.

कोक आणि कॉफी

या फिंगरचा सगळ्यात चविष्ट उपयोग केला तो पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या पोरांनी, १९८२च्या आसपास. संगणकशास्त्र विभागात कोकचं मशीन होतं, पण बऱ्याच जणांच्या खोल्या त्यापासून लांब. एवढं चालत जायचं आणि मशीन रिकामं, किंवा त्याहून वाईट म्हणजे नुकतंच भरलेलं, बाटल्या कोमट! मग त्यांनी मशीन विभागाच्या संगणकाला जोडलं. मशीनवर प्रत्येक रांगेसाठी एक दिवा होता. बाटली विकली गेली की तो काही सेकंद लागायचा आणि विझायचा. रांग संपली की लागलेलाच राहायचा. संगणक हे दिवे बघत बसायचा. फिंगरने विचारलं की कुठल्या रांगेत माल आहे ते सांगायचा, आणि भरून तीन तास झालेली बाटली 'थंड' म्हणून दाखवायचा.

इथे एक बारकावा आहे, तो खिशात ठेवा, पुढे लागणार आहे. दिवा लागला म्हणजे लगेच "संपलं" असं नाही. थोडा वेळ थांबून, तो विझतो का ते बघून मगच निष्कर्ष काढायचा.

१९९१मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत हीच कथा कॉफीची. ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं भांडं, आणि दुसऱ्या मजल्यांवरून जिने चढून येणाऱ्यांना ते रिकामं सापडायचं. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेत्स्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, काळंपांढरं, आणि मिनिटाला जेमतेम तीनदा बदलणारं. कॉफी तरी कुठे पळत असते म्हणा! नोव्हेंबर १९९३मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरची माणसं केंब्रिजातलं कॉफीचं भांडं बघू लागली. २२ ऑगस्ट २००१ला कॅमेरा बंद झाला. ते बंद पडलेलं भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं, जर्मनीच्या 'श्पीगेल ऑनलाइन'ने घेतलं.

हे जगातलं पहिलं वेबकॅम प्रक्षेपण म्हणून ओळखलं जातं. पण त्यात काय नव्हतं ते बघा. "कॉफी झाली, या!" असं ते कुणाला सांगत नव्हतं. बघायला तुम्हीच जायचं. वाट बघणं अजून माणसाच्याच गळ्यात.

भुंकणारा (की न भुंकणारा) कुत्रा

भोंगाही तोवर जन्मला होता, मात्र टपालासाठी. बर्कलेच्या युनिक्समध्ये १९८०मध्ये 'बिफ' नावाची आज्ञा आली. नवीन टपाल आलं की ती तुमच्या टर्मिनलवर दोन ओळी उमटवायची. बिफ हे तिथल्या हायडी स्टेटनर यांच्या कुत्र्याचं नाव. पोस्टमन आला की तो भुंकायचा म्हणून हे नाव, अशी दंतकथा पसरली. आज्ञा लिहिणाऱ्याने मात्र ती खरी नसल्याचं सांगितलं. दंतकथा तरीही चालूच आहे, कारण ती फारच चपखल आहे :)

मला बिफमध्ये आवडते ती वेगळीच गोष्ट. 'बिफ वाय' म्हटलं तरच ती भुंकणार, 'बिफ एन' म्हटलं की गप्प. हो किंवा नाही, आणि ते ठरवणार ज्याच्या पडद्यावर ओळी उमटणार तो. इतका साधा करार पुढच्या चाळीस वर्षांत किती जण विसरले, ते आपापल्या मोबाइलवरच्या घंट्या मोजून बघा.

गप्पांची खोली आणि तिचा नोकर

ऑगस्ट १९८८मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी लिहिलं. एकाच वेळी अनेकांनी गप्पा मारायची खोली. आता नवा प्रश्न आला: माझा दोस्त आला का? त्यासाठी 'आयसॉन' नावाची आज्ञा होती. तिला नावांची यादी द्यायची, ती त्यातली हजर असलेली नावं परत देणार. तुमच्या संगणकावरचा प्रोग्राम ठरावीक वेळाने हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. म्हणजे खिडकीशी जायचं कामच होतं, फक्त आता तुमच्याऐवजी तुमचं यंत्र जायचं. पुढे काही सर्व्हरांनी 'वॉच' आणि 'मॉनिटर' अशा आज्ञा आणल्या. एकदा यादी देऊन ठेवा, कुणी आलं की आम्हीच सांगू. खिडकीचा भोंगा होताना इथे स्पष्ट दिसतो. नोव्हेंबर १९९६मध्ये आलेल्या आयसीक्यूने तर हा भोंगा घरोघर नेला. तो "ओ-ओ" आवाज ज्यांनी सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून ऐकलाय, त्यांना जास्त सांगायला नको.

आयआरसीने आणखी एक गोष्ट दिली: बॉट. खोलीत एक माणूस नसलेला सभासद बसवायचा, जो कधी झोपत नाही. डिसेंबर १९९३मध्ये रोबी पॉइंटर यांनी लिहिलेला 'एग्ड्रॉप' हा त्यातला सगळ्यात टिकाऊ. खोली राखणं, दंगेखोरांना हाकलणं, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणं, ही त्याची कामं. वाड्याच्या दारात बसलेला जुना गडीच. "अमका लाइव्ह आहे" ही ओळ पुढे ज्याच्या तोंडून येणार होती तो हाच. त्याला फक्त बातमी कुणीतरी आणून द्यायची होती.

बातमीची गरज कधी पडली?

आता थेट प्रक्षेपणाकडे येऊ. रेडिओ-टीव्हीच्या काळात अशा सूचनेची गरज का पडली नाही? कारण वेळापत्रक होतं. १९८७-८८ साली दर रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' लागायचं. ते सुरू झालंय असं कुणी कुणाला कळवायची गरज नव्हती, रस्ते ओस पडले की कळायचंच.

१९ मार्च २००७ला सॅन फ्रान्सिस्कोत जस्टिन कान यांनी टोपीवर कॅमेरा लावला आणि आपलं आयुष्य चोवीस तास महाजालावर दाखवायला सुरुवात केली. जस्टिन डॉट टीव्ही. इथेही सूचनेची गरज नाही, कारण ते कायम चालूच! गरज पडली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जेव्हा हीच सोय सगळ्यांना खुली झाली. आता हजारो माणसं, प्रत्येकाचं आपलं चॅनेल, आणि वेळापत्रक कुणाचंच नाही. मुलं झोपली की कुणी बसणार, परीक्षा संपली की कुणी, वीज असली की कुणी. म्हणजे "चालू झालं का?" हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मला. थेट प्रक्षेपण स्वस्त झालं, आणि त्याची बातमी महाग.

त्यातूनच जून २०११मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी ट्विच वेगळं झालं. ऑगस्ट २०१४मध्ये जस्टिन डॉट टीव्ही बंद झालं आणि त्याच महिन्यात ॲमेझॉनने ट्विच ९७ कोटी डॉलरना विकत घेण्याचं जाहीर केलं. गंमत म्हणजे ट्विचवरच्या गप्पांशी बॉट बोलू लागले ते आयआरसीच्याच भाषेत. जुना गडी नव्या वाड्यातही कामाला लागला. मे २०१५मध्ये डिस्कॉर्ड आलं. प्रक्षेपण एकीकडे आणि बघणाऱ्यांचा गप्पांचा अड्डा दुसरीकडे, अशी विभागणी झाली. मग दोघांना जोडणारा पूल लागणारच.

बहात्तर हजार वेळा खिडकीशी

सुरुवातीचे पूल खिडकीचेच. बॉट दर मिनिटाला ट्विचला विचारायचा. सोपा हिशेब करू. गटात ५० जण प्रक्षेपण करणारे. प्रत्येकाबद्दल मिनिटाला एकदा विचारलं, तर दिवसाला ७२,००० प्रश्न. त्यातल्या सगळ्यांनी रोज एकदा प्रक्षेपण केलं असं मानलं (जे कधीच होत नाही), तरी नवी बातमी देणारी उत्तरं ५०. एका प्रश्नात शंभर नावं विचारता येतात, ती युक्ती केली तर प्रश्न १,४४० वर येतात. पण तरी बातमी सरासरी अर्धा मिनिट शिळी. आणि असे बॉट हजारो असतील तर खिडकीतल्या माणसाचं काय होईल, विचार करा.

यावर उतारा होता 'वेबहुक'. हा शब्द २००७च्या सुमारास जेफ लिंडसे यांनी रूढ केला. कल्पना सोपी: तुमचा पत्ता आमच्याकडे देऊन ठेवा, काही घडलं की आम्हीच त्या पत्त्यावर दार ठोठावू. २००९मध्ये गूगलमधल्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन यांनी याचीच एक खुली पद्धत मांडली. जानेवारी २०१८मध्ये ती 'वेबसब' नावाने वेबचं अधिकृत मानक झाली. ट्विचचे पहिले वेबहुक तिच्यावरच बेतलेले होते. त्यांची मुदत जास्तीत जास्त दहा दिवस, मग पुन्हा नाव नोंदवायचं. सप्टेंबर २०२१मध्ये ते बंद झाले आणि त्यांच्या जागी ट्विचची स्वतःची 'इव्हेंटसब' पद्धत राहिली.

इव्हेंटसबचा निरोप कसा असतो माहितीय? आपल्या मिस्ड कॉलसारखा! "घराखाली आलो की मिस्ड कॉल देतो" या वाक्यात सगळी माहिती आधीच ठरलेली असते, घंटी फक्त क्षण सांगते. 'प्रक्षेपण सुरू' या निरोपात कोण आणि केव्हा एवढंच येतं. विषय काय, कुठला गेम, हे नसतं. ते हवं असेल तर बॉटने उलट फोन करून विचारायचं. म्हणजे भोंगा वाजल्यावर पुन्हा खिडकी आलीच.

शिवाय तुमचा पत्ता कळला तर कुणीही खोटी घंटी वाजवू शकतो. म्हणून प्रत्येक निरोपावर सही असते. ट्विच आणि तुम्ही, दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त शब्दातून आणि निरोपातल्या अक्षरन् अक्षरातून ती काढलेली असते. जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब असायची, ती "पत्र इथे संपलं, पुढे कुणी काही घुसडू नये" यासाठी. काम तेच, फक्त शाईऐवजी गणित. आणि एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून प्रत्येकाला क्रमांक असतो. तो वहीत टिपून ठेवायचा आणि दुसऱ्यांदा आला तर सोडून द्यायचा.

आता तो खिशातला बारकावा काढा. खेड्यात, किंवा पावसाळ्यात पुण्यातसुद्धा, नेट तुटतं आणि दोन मिनिटांत परत येतं. बॉट भोळा असेल तर "लाइव्ह आहे!" "लाइव्ह आहे!" "लाइव्ह आहे!" असा एका संध्याकाळी पाचदा ओरडेल. उपाय १९८२चाच. दिवा विझला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, थोडं थांबा. बंद होऊन पाच-दहा मिनिटांच्या आत पुन्हा सुरू झालं तर ते आधीचंच समजा. कोकच्या मशीनला जे कळत होतं ते बॉटलाही कळायला हवं, नाही का?

भोंगा कुणाच्या हातात?

इथवरची गोष्ट प्रगतीची वाटते, आणि आहेच. पण सुरुवातीला म्हटलं तो अधिकाराचा भाग आता.

फिंगर किंवा कॉफीचं भांडं यात तुम्ही विचारत होतात, म्हणून केव्हा विचारायचं ते तुमच्या हातात होतं. भोंग्याच्या व्यवस्थेत तुम्ही बाकावर बसता आणि भोंगेवाल्यावर भरवसा ठेवता. त्याने भोंगाच काढून टाकला तर? २२ जुलै २०२०ला मायक्रोसॉफ्टने मिक्सर बंद केलं. तिथल्या गटांचे पूल एका दिवसात हवेत लटकले. फेब्रुवारी २०२२मध्ये ट्विचची जुनी जोडणी पद्धत संपली, तिच्यावर लिहिलेले आणि कुणी न सुधारलेले बॉट मुके झाले. २०२३मध्ये ट्विटरने फुकट जोडणी आखडती घेतली, तेव्हाही तेच. यात कुणी खलनायक आहे असं नाही. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, जुन्या पद्धती कायम पोसता येत नाहीत. पण चाळीस माणसांच्या गटाला त्या निर्णयात मत नसतं, एवढं खरं.

त्यात मुकं होणं हा सगळ्यात वाईट बिघाड. चुकीची घंटी वाजली तर कुणीतरी ओरडतं आणि बिघाड कळतो. घंटी वाजलीच नाही तर कुणालाच कळत नाही. ज्याचं प्रक्षेपण चालू असतं त्याला वाटतं, आज कुणाला यावंसं वाटलं नाही. मोठ्या नावांना याने फरक पडत नाही, त्यांचे हजारो लोक तसेही येतात. पण ज्याला बघायला बाराच माणसं येतात, तो त्या रात्री रिकाम्या खोलीशी बोलतो. असं तीनदा झालं की चौथ्यांदा बसतच नाही. यंत्राचा दोष माणसाच्या उत्साहावर निघतो, आणि त्याची नोंद कुठल्याही लॉगमध्ये सापडत नाही.

म्हणून आमच्या मित्रमंडळींच्या गटासाठी (काही पुण्यात, काही सांगलीत, दोघं कॅलिफोर्नियात) बॉट लिहिला तेव्हा दोन्ही रीती ठेवल्या. भोंगा ऐकायचा, पण दर दहा मिनिटांनी एकदा खिडकीशीही जाऊन यायचं. शंभर नावांचा एक प्रश्न, दिवसाला १४४ फेऱ्या. कुणालाच जड नाही. घंटी हुकली तरी जास्तीत जास्त दहा मिनिटांनी कळतं, आणि खिडकीने सांगितलेलं भोंग्याने सांगितलं नव्हतं, असं दिसलं की बॉट आम्हाला तसं कळवतो. विचारण्याचा हक्क पूर्णपणे सोडून द्यायचा नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व.

उरला शेवटचा प्रश्न, जो कुठल्याही मानकात लिहिलेला नाही: घंटी कुणासाठी वाजवायची? दवंडी साऱ्या गावात पिटायचे, कारण बातमी साऱ्या गावाची असायची. आपल्या गटातल्या एकाने रात्री नऊला सतार घेतली ही काही साऱ्या गावाची बातमी नव्हे. शिवाय पुण्यात रात्रीचे नऊ तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यातले सकाळचे साडेआठ, तिकडचा माणूस मुलांना शाळेत सोडत असतो. डिस्कॉर्डवर एका शब्दात सगळ्यांना हाक मारता येते, आणि बरेच बॉट तेच करतात. पहिल्या आठवड्यात लोक येतात. दुसऱ्या आठवड्यात वैतागतात. तिसऱ्या आठवड्यात तो कोपरा म्यूट करतात. एकदा म्यूट झाला की बॉट कितीही अचूक असला तरी तो न वाजणाऱ्या घंटीसारखाच.

त्यापेक्षा १९८०चा करार बरा. ज्याला हवं त्याने 'हो' म्हणायचं, आणि तेही माणसागणिक: सतारीला हो, गेमला नाही. यादी छोटी होईल. बारा जणांना घंटी जाईल, त्यातले आठ येतील. पण ते आठ जण यायचं ठरवून आलेले असतील, आणि सतार वाजवणाऱ्याला तेवढे पुरतात.

असो. आता वामकुक्षी.